बहिष्कार टाकलात, आता परतीची अटही ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका कंपनीने दर वाढवले आणि दुसरीच्या प्रमुखाने उघड राजकीय बाजू घेतली, म्हणून तुम्ही दोघांचाही माल घेणं थांबवलंय. माझ्या एकट्याच्या न घेण्याचा त्यांना पत्ता तरी लागतो का, आणि हे किती दिवस चालवायचं, असं तुम्ही विचारता.

पत्ता लागतो. मी अकरा वर्षं घरगुती वापराच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत किमती ठरवणाऱ्या विभागात होतो. त्यानंतर आजवर ग्राहक गटांबरोबर काम करतो आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे दिसलं ते सांगतो.

कंपनीत दर सोमवारी आठवड्याच्या विक्रीचा तक्ता येतो. बहिष्काराची हाक उठली की किती गिऱ्हाईक गेलं हे आम्ही बघायचोच, पण खरी धास्ती असायची ती गेलेलं गिऱ्हाईक कुठे गेलं याची. लोकांनी घरात आधीच साठा करून ठेवला असेल किंवा खरेदी दोन आठवडे पुढे ढकलली असेल, तर विक्रीतला खड्डा पुढच्या महिन्यात आपोआप भरतो. त्यांनी शेजारच्या फळीवरचा दुसरा ब्रँड उचलला आणि त्यांना तो आवडला, तर मात्र ते गिऱ्हाईक परत आणायला जाहिरात आणि सवलतींवर किती पैसा जातो, हे विक्री विभागातल्या कुणालाही विचारा. राग ओसरतो हे कंपनीला ठाऊक असतं. ती घाबरते तुमच्या बदललेल्या सवयीला.

माझ्या काळात आमच्यावर दोन वादळं आली. पहिलं राजकीय होतं. वरिष्ठांपैकी एकाच्या जाहीर विधानावरून हजारो संदेश आले. कुणी म्हणे त्याला काढा, कुणी म्हणे माफी मागा, कुणी म्हणे अमुक संस्थेला देणगी द्या, कुणी म्हणे कंपनीच बंद करा. नेमकं काय केलं म्हणजे हे थांबेल, ते बैठकीत कुणालाच सांगता येईना. मग ठरलं ते एवढंच की गप्प बसायचं आणि वाट पाहायची. दीड-दोन महिन्यांत सगळं शांत झालं. दुसरं वादळ आकाराने कितीतरी लहान होतं. आम्ही किंमत तीच ठेवून पाकिटातलं वजन कमी केलं होतं. त्यावर एका ग्राहक गटाकडून पत्रं आली आणि प्रत्येक पत्रात एकच मागणी होती: जुनं वजन परत आणा, ज्या दिवशी आणाल त्या दिवसापासून आम्ही परत घेऊ. ती बैठक लवकर संपली, कारण मागणी मान्य केली तर खर्च किती आणि नाकारली तर तोटा किती, हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडता आले. वजन परत वाढलं. मी नोकरी सोडून या बाजूला आलो, त्यात त्या बैठकीचा वाटा मोठा आहे.

हाच फरक मी जगभरच्या उदाहरणांत पुन्हा पुन्हा पाहिला. २०११ साली इस्रायलमध्ये कॉटेज चीजवर बहिष्कार पडला. या चीजवरचं सरकारी दरनियंत्रण २००६ मध्ये उठलं होतं आणि तेव्हापासून किंमत चढतच गेली होती. फेसबुकवर सुरू झालेल्या गटाला बघता बघता लाखभर लोक येऊन मिळाले. वस्तूची निवड अचूक होती. जवळपास प्रत्येक घरात लागणारी, जिची किंमत सगळ्यांना तोंडपाठ अशी ती वस्तू. शिवाय नासणारी, म्हणजे ग्राहकाला साठा करता येत नाही आणि दुकानदारालाही माल ठेवून देता येत नाही. न खपलेला डबा थोड्याच दिवसांत कंपनीच्या अंगावर येतो. अर्थतज्ज्ञांनी नंतर विक्रीची आकडेवारी तपासली तेव्हा किंमत सुमारे २४ टक्के उतरल्याचं दिसलं, तीही जवळजवळ एका झटक्यात. ती पुढेही पूर्वीच्या पातळीला लगेच गेली नाही.

किमतीच्या लढाईत कंपनीला माघार घेणं तुलनेने सोपं जातं, हे लक्षात ठेवा. दर कमी केल्यावर कुणी चिडत नाही. बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबर २०११ च्या शेवटी डेबिट कार्डावर महिना ५ डॉलर शुल्क लावायचं जाहीर केलं. लोकांनी खाती हलवायची तयारी सुरू केली आणि १ नोव्हेंबरला बँकेने ते शुल्क लागू होण्याआधीच मागे घेतलं. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने अमेरिकेत आपली जोडयोजना मोडली. त्यामुळे डीव्हीडी आणि स्ट्रीमिंग दोन्ही हवं असणाऱ्यांचा खर्च ६० टक्क्यांनी वाढला. एका तिमाहीत सुमारे ८ लाख अमेरिकी वर्गणीदार गेले. डीव्हीडीचा धंदा वेगळ्या नावाने तोडायचा बेत कंपनीने ऑक्टोबरमध्ये रद्द केला, दरवाढ मात्र ठेवली. म्हणजे माघारसुद्धा अर्धी असू शकते आणि तिला पूर्ण विजय समजून आपण घरी जाऊ शकतो, ही एक मोठी चूक.

माझ्या दृष्टीने याहून बोलकं उदाहरण युनिटीचं. संगणकावरचे खेळ ज्या सॉफ्टवेअरवर बनवतात, त्यातलं हे एक मोठं नाव. १२ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे खेळ जितक्या वेळा इन्स्टॉल होईल, तितक्या वेळा निर्मात्याने शुल्क भरायचं. आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही ते लागणार होतं. दहा दिवसांत कंपनीला नियम सौम्य करावे लागले, पुढच्या महिन्यात मुख्य अधिकारी पायउतार झाले आणि बरोबर वर्षभराने ते शुल्क पूर्ण रद्द झालं. पण या वर्षभरात कितीतरी निर्माते गोडो नावाच्या मोफत पर्यायाकडे वळले होते. ते शुल्काच्या रकमेपेक्षा अधिक दुखावले होते ते करार मागे जाऊन बदलता येतो या धक्क्याने. दर मागे घेता येतो, पण तो असा बदलला जाऊ शकतो हे ग्राहकाला एकदा कळलं की ते पुसता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय होतं, ते मोरोक्कोने दाखवलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गटाला मी हा किस्सा सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये तिथे महागाईविरुद्ध बहिष्कार सुरू झाला. नेता नाही, संघटना नाही, फेसबुकवरची निनावी पानं तेवढी. त्यांनी सगळ्या कंपन्यांशी भांडण न घेता तीन क्षेत्रांतलं एकेक मोठं नाव निवडलं: सिदी अली हे बाटलीबंद पाणी, सेंट्राल दानोनचं दूध आणि आफ्रिकिया हे इंधन. यातली इंधन कंपनी अझीझ अखनूश यांच्या उद्योगसमूहाची. ते तेव्हा देशाचे कृषिमंत्री होते. म्हणजे तक्रार दराची होती आणि खाली सत्ता व पैसा यांच्या संगनमताचा राग होता.

सुरुवातीला सत्ताधाऱ्यांनी हेटाळणी केली. एका मंत्र्याने बहिष्कार टाकणाऱ्यांना भान सुटलेले म्हटलं, तर दूध कंपनीच्या एका अधिकाऱ्याने याला देशाशी गद्दारी म्हटलं आणि नंतर कंपनीला माफी मागावी लागली. ज्या लोकांनी तोवर लक्षही दिलं नव्हतं, ते या दोन वाक्यांनी बहिष्कारात आले. दुधाची विक्री कोसळली. दानोनचे जागतिक प्रमुख एमान्युएल फाबेर स्वतः मोरोक्कोत आले, लोकांशी बोलले, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने ताजं दूध ना नफा ना तोटा अशा दराने विकायचं जाहीर केलं.

इथवर ही विजयाची गोष्ट आहे. आता तिची दुसरी बाजू. खप घटताच दानोनने शेतकऱ्यांकडून घेतलं जाणारं दूध ३० टक्क्यांनी कमी केलं आणि कंत्राटी कामगारांना घरी बसवलं. त्या डेअरीला दूध घालणारे शेतकरी सव्वा लाखाच्या आसपास होते, बहुतेक लहान. आणि इंधनाचं काय झालं? पंप बदलता येतो, पण गाडीला इंधन लागतंच, आणि सगळ्याच कंपन्यांचे दर जवळपास सारखे. तिथे दबाव फारसा बसला नाही. अखनूश २०२१ मध्ये पंतप्रधान झाले. राग ज्याच्यावर सर्वाधिक होता तो निसटला आणि ज्याच्या मालाला सहज पर्याय होता तो सापडला. बहिष्काराचं हत्यार पर्याय सोपा असेल तिथेच खोल जातं. अपराध कुणाचा मोठा, हे त्या हत्याराला कळत नाही. म्हणून निशाणा ठरवताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडून पाहाव्या लागतात.

निव्वळ राजकीय बहिष्कार याहून अवघड. तिथे कंपनी एका गटाला खूश करायला मागे सरली की दुसरा गट उठतो. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये बड लाइट बिअरने एका ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरबरोबर छोटीशी जाहिरात केली आणि पुराणमतवादी ग्राहकांनी बहिष्कार पुकारला. दोन आठवड्यांनी कंपनीने जे निवेदन काढलं, त्यात ना जाहिरातीचं समर्थन होतं ना माघार. पहिला गट परत आला नाही आणि दुसऱ्या गटाला वाटलं, आपल्याला वाऱ्यावर सोडलं. त्याच उन्हाळ्यात मोडेलो एस्पेशियल या दुसऱ्या बिअरने अमेरिकेत सर्वाधिक विक्रीचा मान हिरावून घेतला. हा बहिष्कार इतका लागू का पडला, याची उत्तरं साधी आहेत. शेजारीच त्याच किमतीची, जवळपास त्याच चवीची दुसरी बाटली होती. शिवाय बिअर चारचौघांत प्यायली जाते, त्यामुळे हातात कोणती बाटली आहे ते सगळे बघतात.

उलट लॅटिन अमेरिकी खाद्यपदार्थ विकणाऱ्या गोया फूड्स या अमेरिकी कंपनीचं पाहा. जुलै २०२० मध्ये तिच्या प्रमुखाने अध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केली. एका बाजूने बहिष्काराची हाक दिली, तर दुसऱ्या बाजूने मुद्दाम खरेदीची. संशोधकांनी आकडे पाहिले तर विक्री वाढलेली, सुमारे २२ टक्के, आणि ती वाढही तीन आठवड्यांत विरून गेलेली. समाजमाध्यमांवर त्या दिवसांत जे रान पेटलं होतं, त्याच्या मानाने हे किती थोडं! ज्यांच्या स्वयंपाकात तो माल रोज लागतो, ते सवय सोडायला तयार नव्हते. आणि जे पाठिंबा म्हणून घेऊन गेले, त्यांना त्याची सवय नव्हती.

माझं निरीक्षण असं की ग्राहक सर्वांत कठोर शिक्षा करतात ती भूमिका घेणाऱ्याला नाही, तर भूमिका फिरवणाऱ्याला. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने विविधता आणि समावेशकतेची धोरणं वर्षानुवर्षं अभिमानाने मिरवली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यातली बरीच गुंडाळली. कृष्णवर्णीय चर्चमधून बहिष्काराची हाक आली. पुढच्या तिमाहीत तिची तुलनात्मक विक्री, म्हणजे आधीपासून चालू असलेल्या दुकानांची वर्षापूर्वीच्या मानाने विक्री, ३.८ टक्क्यांनी घटली. कंपनीने कारणं सांगताना आयातशुल्काची अनिश्चितता आणि ग्राहकांचा घटता विश्वास यांबरोबर जानेवारीतल्या त्या निर्णयावरची प्रतिक्रियाही स्वतःच मोजली. असं कबूल करणाऱ्या कंपन्या विरळा.

मग राजकीय बहिष्कार करूच नये का? करावा, पण मागणी अशी हवी की कंपनीला ती एका ठरावाने पुरी करता येईल. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनी बार्कलेज बँकेकडे एकच गोष्ट मागितली: वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा. तोवर त्यांनी त्या बँकेत खाती उघडली नाहीत. बँकेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात आज काही नसतं, पण विशीत उघडलेलं खातं माणूस बहुधा आयुष्यभर ठेवतो. विद्यार्थ्यांनी बँकेच्या उद्याच्या उत्पन्नावर बोट ठेवलं होतं. त्याला बरीच वर्षं लागली, पण १९८६ मध्ये बार्कलेजने दक्षिण आफ्रिकेतला आपला हिस्सा विकला.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेला बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, त्याबद्दलही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सुरुवातीच्या मागण्या फार मर्यादित होत्या: सौजन्याची वागणूक, जो आधी येईल त्याला आसन, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. त्या फेटाळल्या गेल्यावर लढाई न्यायालयात मोठी होत गेली. आणि एवढे दिवस लोक टिकले ते केवळ निर्धारावर नाही. शेकडो खासगी गाड्यांची ने-आण बांधली गेली, ठरलेले थांबे होते, पैसे जमवले जात होते. लोकांना बस सोडा म्हणणाऱ्यांनी कामावर कसं जायचं याचीही सोय केली होती. आज बहिष्काराची हाक देणाऱ्यांपैकी ही मेहनत किती जण घेतात?

या हत्याराची झळ कुणाला बसते, याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. इंग्रजीतला बॉयकॉट हा शब्द कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटच्या नावावरून आला. आयर्लंडच्या मेयो परगण्यात तो एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० टक्क्यांवर अडला. म्हणजे मूळ झगडा दराचाच होता आणि त्यामागे जमिनीचं राजकारण होतं. गावाने बॉयकॉटशी सगळा व्यवहार तोडला. मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी बाहेरून पन्नासेक माणसं आणून सैन्याच्या पहाऱ्यात पीक काढावं लागलं. सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड खर्च झाल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. डिसेंबर उजाडताच तो देश सोडून गेला. तिथे समोर एक माणूस होता आणि त्याच्या हातात अधिकारही होता. कंपनीच्या बाबतीत आपल्याला दिसतो तो माणूस गल्ल्यावर बसलेला असतो किंवा फोन उचलणारा असतो, आणि त्याच्या हातात काहीच नसतं. आमच्या त्या राजकीय वादळात निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणालाही एक शिवी ऐकावी लागली नाही. कॉल सेंटरमधल्या मुलामुलींनी त्या ऐकल्या, रोज आठ तास.

परवान्यावर चालणाऱ्या साखळ्यांत हा गुंता वाढतो. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या परवानाधारकाने सैनिकांना मोफत जेवण दिलं. त्यावर अनेक मुस्लिमबहुल देशांत बहिष्कार झाला. तिथली दुकानं स्थानिक मालकांची होती आणि काहींनी उलट गाझासाठी मदतही जाहीर केली होती. तरी दबाव मूळ कंपनीपर्यंत पोहोचला. एप्रिल २०२४ मध्ये तिने इस्रायलमधली सर्व २२५ दुकानं त्या परवानाधारकाकडून परत विकत घ्यायचं ठरवलं. परिणाम झाला, पण वाटेत ज्यांचा संबंध नव्हता त्यांनी किंमत मोजली. मी याचा निवाडा करत नाही. फक्त हाक देण्याआधी मालकी कुणाची, निर्णय कुणाचा आणि नोकरी कुणाची, हे शोधायला एक संध्याकाळ द्या.

आणि जे सांगाल ते खरं असू द्या. १९९५ मध्ये शेल कंपनी ब्रेंट स्पार ही तेल साठवणारी जुनी तरंगती टाकी समुद्रात बुडवणार होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने विरोध केला, जर्मनीत लोकांनी शेलचे पंप टाळले आणि जूनमध्ये शेलने बेत सोडला. सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसला जाहीर माफी मागावी लागली, कारण टाकीत उरलेल्या तेलाचा त्यांचा अंदाज फारच जास्त निघाला होता. जिंकलेल्या लढाईवर तो डाग राहिला. विक्रीचे आकडेही जपून वाचा. २००३ च्या इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून अमेरिकेत फ्रेंच वाइनवर बहिष्कार झाला. एका अभ्यासात विक्री स्पष्ट घटलेली दिसली, तर दुसऱ्या अभ्यासकांनी हंगामी चढउतार वजा करून परिणाम दिसतच नाही असं म्हटलं. दर तिमाहीतली घट आपल्याच खात्यावर लिहू नये.

एका दिवसाच्या बहिष्काराला मी पूर्वी नाकं मुरडायचो. आज नको, उद्या घेऊ, एवढंच त्याने साधतं असं मला वाटे. क्रोएशियाने माझं मत थोडं बदललं. २४ जानेवारी २०२५ च्या शुक्रवारी तिथे लोकांनी महागाईविरोधात दुकानांत पाऊल टाकलं नाही. आदल्या शुक्रवारच्या तुलनेत बिलांची संख्या ४० टक्क्यांहून अधिक घसरल्याचं करखात्याच्या आकड्यांतच दिसलं. काही दिवसांत सरकारने दरनियंत्रित वस्तूंची यादी ३० वरून ७० वर नेली. एका दिवसाने दुकानांचं दिवाळं निघालं नाही. पण आपण किती जण आहोत हे लोकांना आणि सरकारला एकाच वेळी दिसलं. निर्णय सरकारच्या हातात असेल तर ही मोजणी उपयोगी पडते. कंपनीच्या हातात असेल तर एक दिवस पुरत नाही.

आता तुमच्या दोन कंपन्या. दरवाढीवाली सोपी आहे. कोणती किंमत, कोणतं वजन किंवा कोणती योजना परत आली की तुम्ही परत याल, ते एका ओळीत लिहून कंपनीला पाठवा. तोवर एक पर्याय घरात आणा आणि तो नीट वापरून पाहा. किती दिवस, याचं उत्तर त्यातच आहे: अट पुरी होईपर्यंत, किंवा तुम्हाला जुन्याची आठवण येईनाशी होईपर्यंत. अट पुरी झाली तर खरंच परत जा. नाही गेलात तर पुढच्या वेळी कुणी अशी मागणी केली की आतला माणूस म्हणेल, दिलं तरी हे येत नाहीत.

दुसऱ्या कंपनीत आधी हे ठरवा की तुमचा आक्षेप प्रमुखाच्या मतावर आहे की कंपनीच्या पैशाने होणाऱ्या कृतीवर. कृतीवर असेल, म्हणजे देणगी, जाहिरात, करार असं काही, तर तिचं नाव घेऊन ती थांबवायची मागणी करा. फक्त मतावर असेल तर आपला पैसा तिकडे जाऊ नये एवढ्यासाठी न घेणं हेही पूर्ण प्रामाणिक कारण आहे. पण मग तो तुमच्या मनाचा निर्णय आहे, त्याने कंपनी बदलेल अशी वाट पाहू नका. म्हणजे दमणूक होणार नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या कंपनीची वर्गणी अजून ऑनलाइन रद्द करायची राहिली आहे. ती करताना शेवटी कारण विचारतात. तिथली तयार उत्तरं निवडू नका, ‘इतर’ निवडा आणि खालच्या चौकटीत तुमच्या शब्दांत लिहा. घाईत बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. आमच्याकडे अशा चौकटीत आलेला मजकूर दर सोमवारी छापून विक्रीच्या तक्त्याबरोबर ठेवला जायचा आणि आम्ही तो ओळ न ओळ वाचायचो.